कापूस खाणाऱ्यांचं गणित

आमच्या सरांना "कधी?" असं विचारायची सोय नव्हती. "सर, चहाला कधी येता?" म्हटलं की ते हातातलं काम खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "ते तुम्ही कुठलं समीकरण धरता त्यावर आहे." झीरो ऑर्डर धरलं तर रोजच्या चालीने चालत येऊन ठरल्या वेळी पोचणार. फर्स्ट ऑर्डर धरलं तर आधी निम्मं अंतर येणार, मग उरलेल्याचं निम्मं, मग त्याचंही निम्मं, आणि खरं पाहता चहापर्यंत कधी पोचणारच नाहीत. एवढं समजावून होईस्तोवर चहा गार होई. तो ते आनंदाने पीत, कारण चहाचं गार होणंही फर्स्ट ऑर्डरच असतं म्हणे.

मी त्यांच्या हाताखाली सिल्वासाला साडेतीन वर्षं काढली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याहून बी.एस्सी. होऊन आलेला आणि सर पुण्याकडून मातीत डॉक्टरेट करून आलेले. कापडाच्या फॅक्टरीत मातीच्या डॉक्टरचं काय काम, असं मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं. काम होतं ते फॅक्टरीच्या मागच्या खड्ड्याचं. बांधकामासाठी मुरूम काढून झाल्यावर तिथे एक मोठा खड्डा उरला होता आणि त्यात काही वर्षं गिरणीचा सगळा सुती कचरा लोटला जात होता. तुटकं सूत, झाडलोटीचा कापूस, सुताला लावायच्या खळीचा गाळ, सगळं. खळ म्हणजे आपली साधी पिठाची खळ, धोबी कपड्यांना घालतो तीच. आता मॅनेजरसाहेबांना त्या जागेवर कामगारांसाठी आठ क्वार्टर्स बांधायची होती. खाली कचरा कुजत असताना वर घर बांधलं तर ते खचणार हे त्यांनाही कळत होतं. म्हणून कचऱ्याची माती कधी होईल हे सांगायला सरांना नेमलं होतं. ज्या माणसाला "कधी" हा शब्द चालत नाही, त्यालाच नेमकं हे काम मिळालं होतं.

बॉयलरच्या मागे दोन खोल्यांची आमची प्रयोगशाळा होती. एकीत तराजू, भट्टी आणि बरण्या. दुसरीत एक भला मोठा फळा, आणि त्यावर समीकरणं. सरांचं म्हणणं असं, की मातीतल्या जंतूंचं खाणं मांडायला जगात पुष्कळ समीकरणं आहेत आणि त्यातलं एक निवडणं हे मुलीला स्थळ निवडण्याइतकं जोखमीचं काम आहे. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. फळ्यावर रोज सकाळी चार समीकरणं असत. दुपारी एक पुसलं जाई, संध्याकाळी ते परत येई. वर्षभर त्या फळ्यावर एकाही समीकरणाचं नक्की झालं नाही.

मॅनेजरसाहेब मुंबईचे, घाईचे. दर सोमवारी ते दारात उभे राहून विचारत. एकदाचा संवाद मला शब्दशः आठवतो.

"डॉक्टर, एकच सांगा. खड्ड्यातला कचरा कधी संपणार?"

"फर्स्ट ऑर्डर धरलं तर कधीच नाही," सर म्हणाले. "जेवढा शिल्लक, त्याच्या प्रमाणात कमी होतो. थोडा कायम उरतो."

"मग ते नको. ज्यात संपतो असं दुसरं नाही का काही?"

"झीरो ऑर्डर आहे. त्यात रोज सारखाच कमी होतो. संपतो."

"हां! मग तेच लावा ना."

"पण ते संपल्यावर थांबत नाही. पुढेही रोज तेवढंच कमी होत राहतं. म्हणजे दोन वर्षांनी खड्ड्यात उणे कचरा असेल."

"उणे चालेल," मॅनेजरसाहेब म्हणाले. "शेठना सांगू, जास्तीची जागा झाली."

सरांनी हे गांभीर्याने लिहून घेतलं. ते सगळंच लिहून घेत.

त्यांचा एक ठेवणीतला प्रश्न होता, "आधी खाणारे किती ते सांगा." कशावरही विचारत. वर्तमानपत्रात धान्याच्या कोठारांची बातमी आली, तरी "खाणारे किती?" कोणाच्या घरी बारसं असलं, तरी तेच. त्यांच्या मते लोक नुसत्या अन्नाचा हिशोब करतात आणि खाणाऱ्यांना विसरतात, तिथेच सगळी चूक होते. मातीत कचरा किती आहे यापेक्षा त्याला खाणारे जंतू किती, त्यांना भूक किती, आणि तोंडी लावायला काही आहे की नाही, हे महत्त्वाचं. तोंडी लावणं म्हणजे नत्र. नुसता कापूस जंतूंना घशाखाली उतरत नाही, नत्र लागतं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात चौदा वेळा सांगितलं असेल.

हे सगळं पडताळून बघायला त्यांनी सिल्वासाच्याच आमली भागातली आमची खानावळ निवडली. आमलीत त्या वेळी जिकडेतिकडे कामगार, आणि आम्ही खानदेशची पोरं चोपड्याकडच्या एका मावशींकडे जेवायचो. सरांनी मावशींना विनंती केली की ताटात वाढू नका, भाकरीचं टोपलं मध्ये ठेवा. स्वतः कोपऱ्यात स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसले. शंभर भाकरी आणि वीस जेवणारे असले की भाकरी एकसारख्या वेगाने कमी होत, कारण हात चाळीसच. हे झालं झीरो ऑर्डर. दहाच भाकरी उरल्या की वेग भाकरींवर ठरे, हे फर्स्ट ऑर्डर. भाकरी गरम आहे म्हटल्यावर शेजारच्या खोल्यांतली पोरं येऊन बसत, म्हणजे खाणारेच वाढत, त्याचं समीकरण निराळं. पापड मात्र कुठल्याही दिवशी पहिल्या दोन मिनिटांत गायब. आणि शेवटची भाकरी कोणीच उचलत नसे, सगळे एकमेकांकडे बघत बसत. या शेवटच्या भाकरीने सरांना फार छळलं. "ही सभ्यता मी कुठल्या पदात घालू?" असं ते मला फॅक्टरीपर्यंत विचारत आले.

आठवड्याभराने मावशींनी कमरेवर हात ठेवले. "काय हो साहेब, तुम्ही खायाले येता का मोजाले? तुम्ही घड्याळ धरून बसता आन् ही पोरं लाजून अर्धपोटी उठतात ना!"

सर खूश झाले. "म्हणजे मोजण्यानेही वेग बदलतो," म्हणाले, आणि तेही लिहून घेतलं. त्यानंतर मावशींनी त्यांना सगळ्यांचं झाल्यावर जेवायला येण्याची सक्ती केली. तेव्हापासून ती शेवटची भाकरी सरच खात आणि आकडे बिघडतात म्हणून हळहळत.

बनियनचं प्रकरण याच्या नंतरचं. सर टोकरखाड्याला कंपनीने भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत राहत. सुती कापड कुठल्या मातीत किती दिवसांत कुजतं हे बघायला त्यांनी आपले जुने बनियन कापून त्याच्या पट्ट्या कॉलनीभर पुरल्या. तुळशीजवळ, नळाजवळ, विजेच्या खांबाखाली. प्रत्येक पट्टीला पिवळी दोरी आणि दोरीला नंबर. शेजारच्या बेनला एक दिवस मोगरा लावताना दारासमोर पुरुषाच्या बनियनची अर्धी बाही आणि पिवळी दोरी सापडली. "आ तो कोईए कंई कर्युं छे!" अशी किंकाळी ऐकून सारी कॉलनी जमली. दुसऱ्या दारासमोरही निघालं, तिसऱ्याही. करणी केली कोणीतरी, यावर मराठी, गुजराती, हिंदी सगळ्यांचं एकमत झालं. सिल्वासात एवढं एकमत मी पुन्हा पाहिलं नाही. दुपारपर्यंत जवळच्या पाड्यावरून एका म्हाताऱ्या भगताला आणलं.

सर कामावरून आले तेव्हा भगत मोगऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यापाशी उकिडवा बसला होता. त्याने चिमूटभर माती उचलली, हुंगली, जिभेला लावली आणि बनियनची ती बाही बोटांनी ताणून पाहिली. ती जवळजवळ शाबूत होती. मग म्हणाला, "ही करणी नाय. इठली माती भुकेली हाय. तिला शेण द्या, मंग खाईल."

सरांनी पुढे होऊन त्याचे दोन्ही हात धरले. सिल्वासात आल्यापासून नत्र कळलेला हा पहिला माणूस, असं ते मला पुढे कितीतरी दिवस सांगत होते. बनियन कोणाचे हेही त्यांनी तिथेच आनंदाने कबूल केलं. बेनने त्यानंतर त्यांच्याशी दोन महिने बोलणं टाकलं, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, पण त्या वर्षी मला हसायला येत नव्हतं. माझं लग्न ठरता ठरता अडकलं होतं.

मुलगी नाशिकची. बघायला गेलो तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही नक्की काय काम करता?" मी खड्ड्याचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कचरा सडायची वाट बघायचा पगार मिळतो?" आणि तोंडावर पदर धरून हसली. मला ती आवडली. सरळच सांगतो, फार आवडली. तिचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. घर बघायला ते स्वतः वापीला उतरून सिल्वासाला आले. माझं घर म्हणजे आमलीतल्या एका खोलीतली एक कॉट, आणि तीही पाळीने. दुपारचे बारा वाजले होते आणि माझ्या कॉटवर एक माणूस घोरत होता.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"रात्रपाळीचा आहे. दिवसा तो झोपतो, रात्री मी."

त्यांनी त्या माणसाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "घर दाखवा आणि मुलगी न्या. डिसेंबर अखेरपर्यंत थांबतो. पुढे मला थांबता यायचं नाही. निफाडचं एक स्थळ आहे, त्यांचं स्वतःचं घर आहे."

त्या दिवसांत रोज नवी फॅक्टरी उघडत होती आणि आमलीत काय, डोकमर्डीत काय, कुटुंबाला खोली मिळणं दुरापास्त झालं होतं. मी मॅनेजरसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, "तुझ्या सरांचा रिपोर्ट आण. खड्डा तयार आहे म्हणून त्यांची सही आण. पहिलं क्वार्टर तुझं." म्हणजे माझा संसार आता सरांच्या फळ्यावर होता. डिसेंबरची मुदत मी सरांना सांगितली, तीही त्यांनी लिहून घेतली.

एप्रिलमध्ये आम्ही खड्ड्यात कचरा टाकणं बंद करून, त्याच कचऱ्याने भरलेल्या नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या आत पुरल्या होत्या. दर महिन्याला एक ओळ बाहेर काढायची, धुवायची, भट्टीत वाळवायची आणि तोलायची. आत किती उरलं ते कागदावर मांडायचं. कागद लॉगचा. त्यावर ठिपके एका सरळ रेषेत आले की फर्स्ट ऑर्डर लागू, आणि रेष पुढे वाढवली की कोणत्या महिन्यात किती उरेल ते वाचता येतं. तोलायचं काम माझं, सर फळ्यापाशी. "सहा महिने झाल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही," असं त्यांनी बजावलं होतं.

पहिले तीन ठिपके इतके सरळ आले की मी पट्टी लावून रेष ओढली आणि ती तशीच वाढवत नेली. त्या हिशोबाने वर्षअखेर खड्ड्यात जवळपास काही उरत नव्हतं. मी त्या रात्री कॉटच्या माझ्या पाळीत लग्नाचा बस्तासुद्धा मनातल्या मनात बांधून टाकला.

चौथा ठिपका रेषेच्या वर आला. पाचवा रेषेपासून आणखी दूर. सहावा चौथ्या-पाचव्याच्याच रांगेत आडवा. वजन कमी व्हायचंच थांबलं होतं. मला कारण कळायला फळ्याकडे बघायची गरज नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत जंतूंनी खळ खाल्ली होती, म्हणजे पापड. आता उरला होता नुसता कापूस, आणि तोंडी लावायला नत्र नाही. असा तो वर्षानुवर्षं पडून राहणार होता. हे कळत असताना मी काय केलं, तर चौथी, पाचवी आणि सहावी ओळ वहीतून सोडून दिली. एका स्वच्छ कागदावर तीनच ठिपके मांडले, फर्स्ट ऑर्डरचं समीकरण खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, रिपोर्ट टाइप केला आणि ऑक्टोबर संपता संपता सरांपुढे ठेवला.

त्यांनी तो कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"बाकीचे तीन?" त्यांनी विचारलं.

"पिशव्या फाटल्या होत्या, सर. माती आत गेली. वजन धरता आलं नाही."

"अच्छा," सर म्हणाले. एरवी सगळं लिहून घेणाऱ्या सरांनी हे लिहून घेतलं नाही. कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि फळा पुसायला लागले. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं, पेनचं टोपण काढलं आणि सही केली. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एका समीकरणावर सही केली आणि ते खोटं होतं.

मॅनेजरसाहेबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पण सरांनी दोन अटी घातल्या. एक म्हणजे आठ एकदम नको, आधी एकच क्वार्टर बांधा, वर्ष-दोन वर्षं बघा, मग पुढचं. आणि दुसरी, ते पहिलं क्वार्टर ज्येष्ठतेप्रमाणे सरांना स्वतःला मिळायला हवं.

हे कळलं तेव्हा मी संतापाने वेडा झालो. मावशींच्या खानावळीत वीस माणसांदेखत मी सरांबद्दल नाही नाही ते बोललो. एकटा जीव, टोकरखाड्याला दोन खोल्या, आणि तरी याला नव्या रंगाच्या घराची हाव सुटली! मावशी म्हणाल्या, "तो माणूस तसा नाही रे भाऊ." मी ताटावरून उठलो.

खड्ड्यावर मुरूम टाकून, रोलर फिरवून, सिमेंटचे पत्रे घातलेलं ते क्वार्टर सहा आठवड्यांत उभं राहिलं. डिसेंबरच्या मध्यावर सर सामान हलवत होते, त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. "टोकरखाड्याची जागा रिकामी झाली आहे. मॅनेजरना सांगितलंय, तुमच्या नावावर करतील. जमीन मुरमाची आहे, चांगली घट्ट." मी किल्ली घेतली. धड आभारही मानले नाहीत. हा म्हातारा नव्या घरात गेला आणि आपलं जुनं माझ्या गळ्यात मारलं, असाच माझा ग्रह होता. पण सासऱ्यांना दोन खोल्या, नळ आणि दारातला मोगरा पसंत पडला. लग्न जानेवारीत झालं. सर अहेर म्हणून शेणखताचं एक पोतं घेऊन आले, बेनच्या मोगऱ्यासाठी.

पुढच्या पावसाळ्यानंतर सरांचं क्वार्टर एका कोपऱ्याने बसायला लागलं.

आधी दार लागेना. सुताराने ते तासून दिलं, महिन्याने पुन्हा लागेना. सरांनी छताच्या मधोमध एक ओळंबा टांगला, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तो, आणि त्याखाली जमिनीवर खडूने खुणा करायला सुरुवात केली. दर रविवारी नवी खूण. त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर तो ओळंबा आपटे, आणि मग सर आधी ओळंबा स्थिर करत, नंतर पाहुण्याची विचारपूस. त्यांनी सगळा संसार उताराप्रमाणे लावला होता. कॉटचं उशाचं टोक वर, पायथा दक्षिणेला. चहा अर्धाच कप, कारण भरला तर एका बाजूने सांडे. वांगी आणली की सोडून द्यायची, ती आपण होऊन कोपऱ्यात जात, तिथेच त्यांनी भाजीची टोपली ठेवली होती. माझी बायको अधूनमधून डबा पाठवायची. एकदा स्वतः घेऊन गेली आणि येऊन म्हणाली, "सरांच्या ताटात आमटी एका बाजूला जमते, तर त्यांनी भात बरोबर त्या बाजूला ठेवलेला. मला तर आता आपल्याच घरात सगळं चुकीचं वाटतंय."

मी हसलो, पण मला ते नीट जमलं नाही. त्या घरात मी असतो आणि ती असती, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. मी ते डोक्यातून लगेच काढूनही टाकलं.

अखेर मॅनेजरसाहेब बघायला आले. सरांनी त्यांना लोखंडी खुर्ची दिली. साहेब पुढच्या सात क्वार्टर्सबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता गुळगुळीत फरशीवरून, खुर्चीसकट, इंचाइंचाने कोपऱ्याकडे सरकत होते. दहा मिनिटांत त्यांचा गुडघा भिंतीला लागला. सरांनी घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं. साहेब उठले, बाहेर गेले, आणि उरलेली सात क्वार्टर्स डोकमर्डीच्या बाजूच्या कातळावर बांधायचा हुकूम निघाला.

सरांचा शेवटचा रिपोर्ट त्याच महिन्यात आला. त्यात दोन समीकरणं होती, एक खळीचं आणि एक कापसाचं. दुसऱ्यावरून खड्ड्याला कैक वर्षं लागणार होती. तेवढी वर्षं मातीचा डॉक्टर सांभाळायची कंपनीची तयारी नव्हती. आमचा विभाग बंद झाला. मला सायझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ लावायच्या कामावर, घेतलं आणि सरांना निरोप दिला.

सामान बांधायला मी आणि बायको दोघं गेलो. ओळंब्याखाली खडूच्या खुणांची एक ओळ कोपऱ्याच्या दिशेने गेली होती. मी वह्या गठ्ठ्यात बांधत होतो. त्यातली एक उलगडली आणि समोर जाळीच्या पिशव्यांचं पान आलं. लॉगचा कागद चिकटवलेला, त्यावर सहा ठिपके. पहिले तीन सरळ, पुढचे तीन आडवे. खाली सरांच्या बारीक अक्षरात "पिशव्या शाबूत. पुन्हा तोलल्या," आणि तारीख. तारीख सहीच्या आदल्या दिवसाची होती.

माझे हात तिथेच थांबले. बायको स्वयंपाकाच्या ओट्यावरची भांडी आवरत होती, तिला काही कळलं नव्हतं. सरांना कळलं. ते ट्रंकेवर बसले होते.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. मग सही का केलीत?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं आता कुठलं समीकरण धरता ते विचारतील.

"तुमचे सासरे डिसेंबरनंतर थांबणार नव्हते," ते म्हणाले. "कापूस थांबणार होता."

"पण मग क्वार्टर तुम्ही..."

"कोणीतरी राहायलाच हवं होतं. रिकामं ठेवलं असतं तर खचतंय हे कोणाला दिसलं नसतं आणि त्यांनी आठही बांधली असती. तुम्ही दोघं, पुढे मूल, वर कपाट, पलंग, बोहारणीकडची भांडी. खड्ड्याला झेपलं नसतं. मी एकटा, छप्पन्न किलो." मग ते म्हणाले, "खोटं मात्र पुन्हा मांडू नका. मला फार त्रास झाला."

मला रडू आलं. इतकं ओंगळ रडू मला आधी आलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी पुढे होऊन त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्या जमिनीवर वाकायची मला सवय नव्हती, माझा तोल गेला आणि मी कोपऱ्याकडे घसरलो. सरांनी ट्रंकेवरून उठून मला दंडाला धरलं.

"सांभाळून," ते म्हणाले. "इथे डावा पाय आधी टेकावा लागतो. जा आता, बाई वाट बघताहेत. तुमच्या घरी सपाट आहे."